मीच मेकर, मीच चेकर: बारा दिवस कारखाना सोडून बसले त्याची हकिकत

२०२३ ची खंडेनवमी २३ ऑक्टोबरला होती. बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे आमच्या औद्योगिक वसाहतीत, त्या दिवशी गाडी काढायला जागा नसते. शेडशेडसमोर केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, कुंकू भरून फोडलेले कोहळे. आमच्या भट्टीला हळदकुंकू लागलं, लेथना हार चढले, कामगारांची पोरं चुरमुऱ्याच्या पुड्या घेऊन पळत होती. मी ताट ओवाळत होते आणि आत काहीच नव्हतं. दुःख नाही, कंटाळाही नाही. दादा, म्हणजे माझे वडील, गेल्यापासून नऊ वर्षं ही आरती करताना माझा गळा दाटून यायचा. त्या दिवशी बोनसचे पैसे कुठल्या खात्यातून काढायचे याचा हिशेब डोक्यात चालू होता. आरती संपली तेही कळलं नाही. फोरमन मामांनी ताट हातातून घेतलं. "अक्का, बसा की जरा," एवढंच म्हणाले.

गेल्या वर्षभरात आमच्याच धंद्यातल्या चार जणांनी मला बाजूला घेऊन, आवाज खाली करून विचारलं, "तुम्ही कुठं जाऊन आला म्हणे, काय असतंय ते?" मी विपश्यनेच्या, म्हणजे मौनात बसून करायच्या ध्यानाच्या, शिबिराला जाऊन आले होते. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा सलग लिहावं असं वाटलं. त्यात डॉक्टर आले, फॉर्म आले, बँक आली. ध्यान बरंच उशिरा येतं.

आमची छोटी फाउंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून ओतायचा कारखाना. ५०० किलोची इंडक्शन भट्टी, शेजारी मशीन शॉप, मिळून अडतीस माणसं. पंप आणि व्हॉल्व्हची कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, करतो. मी बी.कॉम.; दादा होते तोवर फक्त हिशेब बघायची. २०१४ नंतर खरेदी, बँक, ग्राहक, माणसं, सगळंच माझ्याकडे आलं. आमच्या धंद्याच्या खात्यातून नेट बँकिंगने पैसे पाठवायला दोन माणसं लागतात: एक नोंद करणारा मेकर, दुसरा तपासून मंजुरी देणारा चेकर. आमच्याकडे दोन्ही लॉगिन माझेच होते. कुणी विचारलं तर मी ते अभिमानाने सांगायची.

ऑगस्टमध्ये एका मोठ्या ग्राहकाकडून पंप हाउसिंगचे २१२ नग ब्लोहोलमुळे, म्हणजे ओतीव लोखंडात हवेची भोकं राहिल्यामुळे, परत आले. वाळूत ओलावा जास्त होता, कोअर, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, नीट भाजले गेले नव्हते, कारण साधंच होतं. फाउंड्रीत असं होतं. पण मी कोअर शॉपमधल्या एका बाईवर सगळ्यांसमोर ओरडले आणि तिने मान खाली घातली तरी थांबले नाही. तेव्हापासून पहाटे तीनला जाग यायला लागली. छातीत धडधड, आणि डोळ्यांसमोर त्याच ग्राहकाच्या थकलेल्या बिलांची यादी. सकाळी तिसऱ्या रेल्वे गेटपाशी गाडी थांबली की गेट उघडूच नये असं वाटायचं.

दिवाळी झाल्यावर, २० नोव्हेंबरला, आधी फिजिशियनकडे गेले, कारण मला हृदयाचीच भीती होती. ईसीजी, थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व; एकूण ३,१५० रुपये. हृदय ठीक निघालं. बी-१२ आणि ड दोन्ही कमी, त्याच्या गोळ्या मिळाल्या. ज्यांना असा थकवा आहे त्यांनी पहिल्यांदा हे करावं. रक्तातल्या कमतरतेवर कुणी श्वास बघत बसू नये.

फिजिशियननी मानसोपचारतज्ज्ञांचं नाव लिहून दिलं. ती चिठ्ठी तीन आठवडे पर्समध्ये राहिली. बेळगाव मोठं असलं तरी ओळखीला लहान आहे. बाहेरच्या बाकावर कुणीतरी ग्राहक, कुणीतरी सोसायटीचा संचालक भेटणार, ही धास्ती होती. शेवटी ह्यांनी १२ डिसेंबरची दुपारची वेळ घेतली आणि स्वतः शेजारी येऊन बसले. बाकावर ओळखीचे दोघे भेटले. दोघांनीही नुसती मान हलवली. त्यांनाही तीच धास्ती असावी. ज्यांना एवढंही जमणार नाही त्यांच्यासाठी सांगते: केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते. मला तेव्हा ती माहीत नव्हती.

डॉक्टरांनी चाळीस मिनिटं दिली, फी ७०० रुपये. आधी नैराश्याची नीट चौकशी केली, जगण्यावरून मन उडालंय का हेही सरळ विचारलं. तसं नव्हतं. मग म्हणाले, याला बर्नआउट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या वर्गीकरणात त्याची व्याख्या दिली, ती आजार म्हणून नाही. कामाच्या जागी सतत साचत गेलेल्या, नीट न हाताळलेल्या ताणातून येणारी अवस्था, असं तिचं वर्णन आहे. तिच्या तीन खुणा: शक्ती पार आटणं, कामापासून मन तुटणं किंवा त्याबद्दल कडवटपणा येणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. दुसरी खूण ऐकली आणि मला आरतीचं ताट आठवलं. तिथेच रडू आलं.

त्यांनी तीन आठवड्यांसाठी झोपेची हलकी गोळी दिली आणि एका कोऱ्या कागदावर सहा रकाने आखून दिले. क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बर्नआउटवर पन्नासएक वर्षं काम करत आल्या आहेत. त्या आणि त्यांचे सहकारी सांगतात की दोष नुसता माणसात शोधू नका. कामाचा बोजा, कामावरचा ताबा, मोबदला, सोबतची माणसं, न्याय आणि मूल्यं, या सहा ठिकाणी माणूस आणि काम यांचं कुठं जुळत नाही ते बघा. घरी बसून रकाने भरले. "ताबा" या रकान्यात मी पहिल्यांदा लिहिलं, सगळा माझाच. मग खाली लिहिलं, ग्राहक पैसे कधी देणार यावर माझा शून्य ताबा. दोन्ही ओळी खऱ्या होत्या. रात्री बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले.

माइंडफुलनेस हा शब्दही पहिल्यांदा त्याच डॉक्टरांकडून गंभीरपणे ऐकला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. आठवड्याला अडीच तासांचा वर्ग, घरी रोज पाऊण तास सराव. श्वास, शरीर, विचार जसे येतील तसे बघायचे. मराठीत याला सजगता म्हणतात. मूळ पाली शब्द सति, म्हणजे आपली स्मृतीच. "फायदा होतो का?" मी कारखानदाराचा प्रश्न विचारला. त्यांनी कारखानदाराला समजेल असंच उत्तर दिलं. २०१४ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात ध्यानाच्या ४७ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला होता, एकूण ३,५१५ माणसं. चिंता, उदासी आणि वेदना यांत माफक सुधारणा दिसली. चमत्कार नाही, पण शून्यही नाही. आणि चार पिसं लावून विकतात तसं तर मुळीच नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

आठ आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग मला जमेना. वेळ संध्याकाळी साडेसातची, आणि तीच आमच्या शेवटच्या हीटची, म्हणजे भट्टीभर लोखंड वितळवून ओतायची. मग केबिनमध्ये मोबाइलवर दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग लावून बसायला लागले. बारा दिवस केलं. एकदाही दहा मिनिटं पूर्ण झाली नाहीत. दार वाजायचं, फोन वाजायचा, आणि खरं सांगायचं तर काही वाजलं नाही तर मीच उठून बाहेर काय चाललंय ते बघून यायची.

आमचे सीए हे ऐकून म्हणाले, "ताई, तुम्हाला गाव सोडून गेल्याशिवाय जमायचं नाही. विपश्यनेला जा." ते स्वतः दोनदा बसलेले. आपल्याला सगळ्यात जवळचं केंद्र कोल्हापूर जिल्ह्यात हातकणंगले तालुक्यातल्या आळते गावाजवळ, रामलिंगच्या वाटेवर आहे, धम्मालय नावाचं. डॉक्टरांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले नाहीत. दहा दिवस मौन आणि रोज दहा तासांच्या आसपास ध्यान, हे रोजच्या पाऊण तासाच्या सरावापेक्षा फार जड औषध आहे, काहींना त्यातून जुना आजार उसळतो, असं त्यांचं म्हणणं. गोळी बंद होऊन काही दिवस जाऊ दे, झोप टिकली तर पत्र देतो, म्हणाले. ज्यांना मानसिक आजार आहे किंवा गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना न सांगता जाऊ नये, आणि स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करून तर अजिबात जाऊ नये. हे मी जोर देऊन लिहितेय.

२ जानेवारी २०२४ ला ऑनलाइन अर्ज भरला. अर्ध्या तासाचं काम. नाव-गाव झाल्यावर शारीरिक आजार, मानसिक आजार, चालू आणि बंद केलेली औषधं, आधी कुठली साधना केली आहे का, असे प्रश्न येतात. मी झोपेच्या गोळीसकट सगळं लिहिलं. तीन दिवसांनी ईमेल आला, प्रतीक्षा यादी. मग दोन आठवडे काही नाही. १९ जानेवारीला केंद्रातून एका बाईंचा फोन आला. गोळीबद्दल शांतपणे विचारलं, डॉक्टरांचं पत्र मागितलं. ते स्कॅन करून पाठवलं आणि २४ तारखेला जागा मिळाली. पुढे "येणार हे पुन्हा कळवा" असा एक निरोप येतो, त्याला उत्तर द्यायला विसरू नका. फी नाही. राहणं, जेवण, शिकवणं, सगळं आधी बसून गेलेल्यांच्या दानावर चालतं, आणि आपणही दान शिबिर पुरं झाल्यावरच देऊ शकतो.

तारीख निवडताना मी जे केलं ते धंदेवाल्यांच्या उपयोगाचं आहे. महिन्याच्या सरकारी मुदती अशा: टीडीएस (कापून घेतलेला कर) ७ तारखेला, जीएसटीआर-१ (जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र) अकराला, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा भविष्यनिर्वाह निधी आणि विमा) पंधराला, जीएसटीआर-३बी (जीएसटीच्या भरण्याचं विवरणपत्र) वीसला. आमचे पगारही सातला होतात. म्हणजे वीस तारीख संपली की पुढच्या सहा तारखेपर्यंत सरकार दार ठोठावत नाही. मी २१ फेब्रुवारी ते ३ मार्च घेतलं. शिबिर दहा दिवसांचं म्हणतात, पण आदल्या दुपारी पोचायचं असतं आणि अकराव्या सकाळी निघायचं असतं. बारा दिवस धरा.

आता बँक. माझ्या एकटीच्या नावावर प्रोप्रायटरशिप असल्याने दुसऱ्या कुणाला अधिकार द्यायला अधिकारपत्र लागलं. ई-स्टॅम्प आणि नोटरी मिळून साडेआठशे रुपये गेले. शाखेत पहिल्यांदा गेले तेव्हा फोटो दोनऐवजी तीन हवे होते, दुसऱ्यांदा ह्यांची सही आधारवरच्या सहीशी जुळेना, तिसऱ्यांदा साहेब रजेवर. चौथ्या फेरीत, ९ फेब्रुवारीला काम झालं. हिशेबाच्या मुलीला मेकर केलं, ह्यांना चेकर. एका वेळी दोन लाखांपर्यंत मर्यादा. माझे हे कॉलेजात शिकवतात, कारखान्याचा यांना गंध नाही. पण मला तपासणारं माणूस हवं होतं, फाउंड्री कळणारं नव्हे, हे मलाही त्या चार फेऱ्यांत कळलं.

ओटीपीचा घोळ कुणी सांगत नाही. बँक, जीएसटी, ई-वे बिल, सगळ्याचे ओटीपी माझ्याच मोबाइलवर. शिबिरात मोबाइल जमा करतात. म्हणून मी मोबाइल घरीच ह्यांच्याकडे ठेवला आणि केंद्राच्या ऑफिसचा नंबर तीन ठिकाणी लिहून दिला. घरी काही झालं तर त्या नंबरवर निरोप देता येतो.

मामांकडे भट्टी सोपवताना मात्र माझा हात सुटेना. मी चार पानांची यादी केली होती. मामांनी ती वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. मग म्हणाले, "अक्का, दादा असताना मीच हीट काढतोय. तुम्ही कॉलेजात होता तवा." मला यावर काही बोलता आलं नाही. त्या रात्री कागदावरच्या "सोबतची माणसं" या रकान्यात मी काहीच लिहिलं नव्हतं हे आठवलं.

२१ तारखेला बसने निघाले. मोबाइल नाही म्हणजे यूपीआय नाही, हे लक्षात ठेवा. दोन हजार रुपये रोख, आधार कार्ड, कागदावर लिहिलेले नंबर. कर्नाटकाच्या बसमध्ये बायकांना मोफत प्रवासाच्या शक्ती योजनेचं शून्य तिकीट, निपाणीपर्यंत. पुढे कोल्हापूरला पूर्ण तिकीट, आणि कोल्हापुरातून हातकणंगल्याकडे एस.टी.त बायकांचं अर्धं तिकीट. आपण सीमाभागातली माणसं, एकाच प्रवासात तीन हिशेब. सीमावादावरून अधूनमधून दोन्हीकडच्या बसगाड्या बंद ठेवतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करावी. सोबत सैल सुती कपडे, शाल, बिनवासाचा साबण, टॉर्च, गजराचं घड्याळ. पुस्तक-वही नेऊ नका, तीही ठेवून घेतात.

संध्याकाळी नियम सांगितले, पाच शीलं, म्हणजे वागणुकीची पाच व्रतं, घेतली आणि मौन सुरू झालं. पुरुष आणि बायकांची व्यवस्था पूर्ण वेगळी. पहाटे चारला घंटा, साडेचार ते साडेसहा ध्यान, मग नाश्ता. सकाळभर ध्यान, अकराला जेवण, दुपारी एकपासून पुन्हा पाचपर्यंत. पाचला नव्या साधकांना चहा, फळ आणि चुरमुरे. रात्रीचं जेवण नाही. सहा ते सात ध्यान, मग ही विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या आवाजातलं ध्वनिमुद्रित प्रवचन, साडेनऊला दिवे बंद. पहिले दोन दिवस भुकेची भीती वाटते, भूक फारशी लागत नाही.

पहिले साडेतीन दिवस फक्त श्वास. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, एवढ्या जागेत श्वास येता-जाता काय वाटतं ते बघायचं. माझं मन पहिला दिवसभर कारखान्यात होतं. मी मनातल्या मनात ३१ मार्चची यादी पाचदा लावली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बॅग भरली. खरोखर भरली, आणि पलंगावर बसून राहिले. जायचं तर ऑफिसात जाऊन बोलावं लागणार, कारण सांगावं लागणार. कारण काय सांगू? माझ्यावाचून अडेल? मामा तर म्हणाले होते, अडणार नाही. बॅग तशीच भरलेली ठेवून झोपले.

गोएंकांबद्दल मी जायच्या आधी थोडं वाचलं होतं. सत्यनारायण गोएंका १९२४ मध्ये ब्रह्मदेशात मंडालेला जन्मले. तरुण वयातच मोठे व्यापारी-उद्योजक झाले. अर्धशिशीने इतके हैराण की मॉर्फिन घ्यावं लागायचं; परदेशातले डॉक्टरही थकले. १९५५ मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले. ऊ बा खिन काही मठातले भिक्षू नव्हते, ते ब्रह्मदेशाचे अकाउंटंट जनरल होते. डोकेदुखीसाठी आलो म्हटल्यावर त्यांनी आधी नकार दिला होता: शरीराच्या दुखण्यासाठी म्हणून ही विद्या नाही. १९६९ मध्ये गोएंका भारतात आले आणि १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. एक व्यापारी, एक हिशेबनीस. मी झोपेसाठी आले होते, त्यामुळे तो नकार मला थोडा लागला.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना शिकवतात. डोक्यापासून पायापर्यंत मन फिरवत जायचं, जिथे जे जाणवेल ते बघायचं. मुंग्या, उष्णता, ठणका, काहीही. चांगलं वाटलं तर धरायचं नाही, वाईट वाटलं तर झटकायचं नाही. आणि त्यानंतर दिवसातून तीनदा एकेक तास हातपाय न हलवता बसायचं, त्याला अधिष्ठान म्हणतात. माझे गुडघे आणि कंबर पाचव्या दिवशी ओरडायला लागले. बारा ते एकच्या वेळेत सहायक आचार्यांना भेटता येतं. नाव लिहून द्यायचं. मी गेले, त्यांनी लगेच पाठीला टेकू दिला. खुर्चीही मिळते. मागायला लाजू नका, त्यात काही कमीपणा नाही.

सहाव्या दिवशी दुपारच्या अडीचच्या बैठकीत ती कोअर शॉपमधली बाई समोर आली. मान खाली घातलेली. माझी मान आणि कानामागचा भाग तापला, इतका की भट्टीचं तोंड उघडल्यासारखा. मला एकदम कळलं, हा ताप मला ओळखीचा आहे. रिजेक्शनचा फोन आला की हाच येतो, आधी तो येतो आणि मग मी ओरडते. मधली जागा मी कधी बघितलीच नव्हती. त्या तासात मी फक्त बघत बसले. मनात वाक्य आलं ते आमच्याच भाषेतलं होतं: नोंद झाली, मंजुरी द्यायची नाही. ताप आपोआप उतरला. सात-आठ मिनिटं लागली असतील. तास संपल्यावर पटांगणात जाऊन मी खूप रडले, आणि कुणी विचारायला आलं नाही याचं त्या दिवशी बरं वाटलं.

बाकीचे दिवस असेच होते असं नाही. सातवा नुसता झोपेत गेला. आठव्या दिवशी काहीच जाणवेना आणि मी स्वतःवरच चिडले. नवव्या रात्री मात्र सलग सहा तास झोपले. दहाव्या सकाळी मैत्री भावना, म्हणजे सगळ्यांचं भलं चिंतणं, शिकवतात आणि मौन सुटतं. बायका एकदम इतकं बोलायला लागल्या की माझे कान दुखले. सांगलीची एक शिक्षिका, इचलकरंजीत यंत्रमाग चालवणारी एक, आणि एक सून जिने घरी "माहेरी जाते" सांगितलं होतं. माग चालवणारीने विचारलं, "तुमच्याकडं पण नव्वद दिवसांनी पैसे?" आम्ही दोघी तासभर उधारीवरच बोललो. दानाच्या टेबलाशी माणसं शांतपणे रांगेत होती. आपल्याला जमेल ते द्यायचं, कुणी आकडा बघत नाही.

३ मार्चला दुपारी घरी आले. ह्यांनी चहा दिला आणि मग सांगितलं. २७ फेब्रुवारीच्या संध्याकाळी भट्टीत पातळ लोखंड असताना वीज गेली, पन्नास मिनिटं. इंडक्शन भट्टी चालवणाऱ्याला यातलं भय माहीत आहे: कॉइलचं थंड पाणी थांबलं तर भट्टीच जाते, आणि लोखंड आत गोठलं तर अस्तर काढावं लागतं. मामांनी वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला, जनरेटरवर हायड्रॉलिक चालवून भट्टी वाकवली, सगळं लोखंड पिगच्या, म्हणजे लोखंडाच्या लाद्यांच्या, साच्यांत ओतून टाकलं. साधारण वीस हजारांचं नुकसान. मला निरोप द्यायचा का म्हणून ह्यांनी फोन उचलला होता, मामांनीच नको म्हटलं.

ऐकताना मान तापली. तो ताप मी ओळखला आणि चहाचा कप हातात धरून बसले. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन पहिल्यांदा कोअर शॉपमध्ये गेले. त्या बाईला म्हटलं, "ऑगस्टात मी तुम्हाला बोलले ते चुकीचं होतं." ती काही बोलली नाही, हातातला कोअर खाली ठेवला आणि पदराने हात पुसले. माफ केलं की नाही, मला माहीत नाही.

मी एकदम शांत बाई झाले, असं मात्र समजू नका. ७ मार्चला पगाराच्या दिवशी हिशेबाच्या मुलीवर आवाज चढलाच. तो मार्च कठीण होता. त्या वर्षापासून प्राप्तिकराचा ४३बी(एच) नियम लागू झाला होता: सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे ठरलेल्या मुदतीत, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत, दिले नाहीत तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च दाखवता येत नाही. आमच्या दोन ग्राहकांनी महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात अडकलेली बिलं सोडली. पैसे कायद्यामुळे आले, ध्यानाने एक रुपयाही आला नाही. हे लिहितेय कारण कुणीतरी मला तसं विचारलं होतं. ध्यानाने एवढं झालं की पैसे आले नव्हते तेव्हाही मी पहाटे तीनला उठून त्यांची यादी लावत नव्हते. आठवड्यातून एखाद्या रात्री अजूनही जाग येते.

सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा, असं सांगून पाठवतात. मला जमत नाही. पावणेसहाला पस्तीस-चाळीस मिनिटं बसते, आणि कारखान्याच्या फाटकाआधी गाडी थांबवून पाच मिनिटं. वॉचमन आधी धावत यायचा, आता येत नाही. डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी जाते. बी-१२ आता ठीक आहे. सहा रकान्यांचा कागद त्यांनी जूनमध्ये पुन्हा भरायला लावला. बोजाच्या रकान्यात मी बरंच खोडलं, न्यायाच्या रकान्यात काही बदललं नाही. दर सोमवारी सकाळी मामा, मशीन शॉपचा सुपरवायझर, कोअर शॉपची ती बाई आणि मी अर्धा तास बसतो. रिजेक्शनचा आकडा मी वाचत नाही, ते वाचतात.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात शाखेतून फोन आला होता. अधिकारपत्र तात्पुरतं म्हणून दिलं होतं, आता रद्द करायचं का, फॉर्म पाठवू का, असं विचारत होते. समोर हिशेबाची मुलगी मेकरच्या लॉगिनमध्ये पिग आयर्नच्या बिलाची नोंद करत होती. म्हटलं, "राहू दे." आणि तिला विचारलं, मर्यादा दोनची पाच करायला काय कागद लागतील ते विचारून घे म्हणून.